ऑपरेशनआधी उपाशी राहायचं, पण किती आणि कशासाठी?

वाचकाचं पत्र

माझ्या सासूबाईंचं (वय ६४) पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन पुढच्या आठवड्यात बुधवारी आहे. दुपारी एकच्या सुमारास नंबर लागेल म्हणालेत. वॉर्डातून निरोप एवढाच, की ‘रात्री बारानंतर तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही.’ त्यांना मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. नेमकी आदल्या दिवशी मंगळवारी अंगारकी आहे आणि त्या उपास सोडायला तयार नाहीत. शिवाय सकाळी मशेरी लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पुढच्या महिन्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात आहे. तिथे मात्र ‘दोन तास आधीपर्यंत पाणी पाजा’ म्हणाले. दोघांपैकी बरोबर कोण? मागे माझ्या दिरांनी सकाळी अर्धा कप चहा घेतला, तर त्यांचं ऑपरेशनच पुढे ढकललं. अर्ध्या कपानं असं काय बिघडतं?

— एक वाचक, भांडुप

उत्तर

ताई, मुलाच्या हॉस्पिटलानं सांगितलेलं आजच्या नियमाला धरून आहे. सासूबाईंच्या वॉर्डानं सांगितलेलं जुन्या पद्धतीचं आहे. त्यामागेही कारण आहे, ते पुढे येईलच. आधी नियम सांगतो. खाण्याचं घड्याळ वेगळं आणि पाण्याचं वेगळं. मोठ्या माणसानं साधं पाणी किंवा पाण्यासारखं स्वच्छ पेय भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत घेतलेलं चालतं. दूध, दुधाचा चहा, इडली किंवा टोस्टसारखं हलकं खाणं सहा तास आधी थांबवायचं. तळलेलं, तुपातलं, मटण-चिकन, भरपेट जेवण यांना आठ तास. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेशिऑलॉजिस्ट्सनं, २०२० साली स्वतःच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही स्वच्छ पेयाला दोन तासच आहेत. हे तास भूल देण्याच्या वेळेपासून मागे मोजायचे. कापायला सुरुवात कधी होते, त्याचा इथे संबंध नाही.

मात्र हे आकडे तब्येतीनं धडधाकट माणसाचे आहेत. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांना भूल देणाऱ्या डॉक्टरांचा. फिटनेसला, म्हणजे ऑपरेशनआधीच्या तपासणीला, जाल तेव्हा ‘उपाशी कधीपासून?’ असं मोघम विचारू नका. ‘शेवटचं खाणं किती वाजता आणि शेवटचं पाणी किती वाजता?’ असे दोन प्रश्न विचारा आणि दोन वेळा कागदावर लिहून घ्या. फिटनेस होऊन गेली असेल तर वॉर्डात फोन करून भूलतज्ज्ञांना हेच विचारायला सांगा. एवढं केलंत तरी निम्मा घोळ मिटतो.

आता कारण. जागेपणी पाण्याचा थेंब चुकून श्वासनलिकेकडे गेला तर आपल्याला लगेच ठसका लागतो, घसा आवळतो, स्वरयंत्राच्या पट्ट्या मिटतात. भुलीचं औषध शिरेतून गेलं की अर्ध्या-एक मिनिटात हे सगळे पहारे उठतात. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही सैल पडते. त्या वेळी जठरात काही असेल तर ते वर घशात येऊ शकतं आणि तिथून सरळ फुप्फुसात उतरू शकतं. माणूस खोकत नाही, त्यामुळे बाहेरून पटकन कळतही नाही. घन तुकडा असेल तर श्वासनलिका तुंबते. नुसतं आम्ल असेल तर फुप्फुसाचा आतला नाजूक थर भाजून निघतो आणि काही तासांत धाप, ताप, ऑक्सिजन उतरणं सुरू होतं. अशा रुग्णाला कधी कधी व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनांत हे फार क्वचित घडतं, हजारो रुग्णांत एखाद्याला. पण ते क्वचित घडतं याचं एक मोठं कारण म्हणजे रुग्ण उपाशी असतात.

न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन या प्रसूतितज्ज्ञांनी १९४६ साली हा धोका नीट मांडला. बाळंतपणात भूल दिलेल्या ज्या बायकांच्या फुप्फुसात पोटातलं गेलं, अशा ६६ जणींच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातल्या दोघी दगावल्या, आणि त्या दोघीही घन अन्नानं गुदमरून. त्यानंतर जगभर सावधगिरी वाढली आणि ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा सोपा, सरसकट नियम रुळला. त्यात अन्न आणि पाणी एकाच दावणीला बांधलं गेलं. खरं तर जोसेफ लिस्टर या ब्रिटिश शल्यविशारदांनी १८८३ सालीच लिहून ठेवलं होतं, की क्लोरोफॉर्म देताना पोटात घन काही नसावं, पण साधारण दोन तास आधी पातळ पेय दिलेलं हिताचं. १९८०च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांनी तेच दाखवलं. दोन-तीन तास आधी पाणी प्यायलेल्यांच्या जठरात रात्रभर कोरडं राहिलेल्यांपेक्षा जास्त द्रव सापडत नाही.

असं का? पाण्याला जठरात थांबायचं काही कारण नसतं. प्यायलेल्यातलं निम्मं पाणी पंधरा-वीस मिनिटांत पुढे आतड्यात जातं आणि तासाभरात जवळजवळ सगळं निघून जातं. भात, पोळी, भाजी यांचं तसं नाही. जठर आधी त्यांचं घुसळून पीठ करतं. एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण पुढच्या दारातून सोडतच नाही. तेल-तूप पुढे आतड्यात पोचलं की आतडं जठराला ‘हळू सोड’ असा इशारा देतं, म्हणून तळलेल्याला आणि मटणाला सर्वांत जास्त वेळ. आणि दूध? पेल्यात पातळ दिसतं, पण जठरातल्या आम्लात ते फाटतं. चोथा आणि पाणी वेगळं होतं आणि तो चोथा घन अन्नासारखाच रेंगाळतो. दूध ‘पिण्याच्या’ यादीत धरलं की गणित चुकतं ते इथेच.

तुमच्या दिरांच्या अर्ध्या कपाचं उत्तरही यातच आहे. युरोपातल्या काही सूचनांमध्ये कोऱ्या चहात थोडं दूध, म्हणजे कपाच्या एक पंचमांशापर्यंत, टाकलेलं चालवून घेतलं होतं. आपला चहा तसा नसतो. निम्मं दूध घालून उकळलेला तो चहा, मग तो घरचा असो की टपरीवरचा कटिंग. त्याला दूधच समजायचं आणि सहा तास धरायचे. बरोबर एखादं बिस्किट किंवा खारी बुडवली असेल तर प्रश्नच मिटला. डॉक्टरांनी त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं, ते योग्यच केलं. कोरा चहा, साखर घातलेला असला तरी, पाण्याच्या यादीत बसतो. सकाळच्या चहाची वर्षानुवर्षांची सवय असेल तर तो मिळाला नाही की दहा-अकराला डोकं ठणकायला लागतं. सासूबाईंचं तसं असेल तर कोऱ्या चहाची परवानगी जरूर मागा. मधुमेहामुळे तो बिनसाखरेचाच ठेवा.

स्वच्छ पेय ओळखायचं कसं? काचेच्या पेल्यात ओतून पलीकडे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली तर ते स्वच्छ. साधं पाणी, कोरा चहा, कोरी कॉफी, गर नसलेला सफरचंदाचा रस, गाळून घेतलेलं लिंबूपाणी हे त्यात येतं. शहाळ्याचं पाणी मलई न येता गाळलेलं असेल तर बरेच भूलतज्ज्ञ चालवून घेतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र त्यातल्या पोटॅशियममुळे विचारल्याशिवाय घेऊ नये. ताक, लस्सी, मठ्ठा, सोलकढी, पेज, नाचणीचं आंबील, डाळीचं पाणी, संत्र्या-मोसंबीचा गराचा रस, प्रोटीन पावडर यातलं काहीही स्वच्छ नाही. ‘पेजच तर दिली, पाण्यासारखी पातळ’ हे वॉर्डात नेहमी ऐकू येतं. पेजेत भाताची शितं आणि पिठूळ असतं, ती खाण्यात धरायची.

एक गैरसमज मुद्दाम खोडायला हवा, कारण घरोघरी तो भक्तीनं पाळला जातो. आठ तास सांगितलेत ना, मग चौदा तास राहिलं तर आणखी चांगलं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. जठर कधीच ठणठणीत कोरडं होत नाही. गिळलेली लाळ आणि जठराचा स्वतःचा आम्लरस त्यात येतच राहतो, कितीही ताणलं तरी. तास वाढवून पोट जास्त रिकामं होत नाही, माणूस मात्र सुकतो. शिरा आत बसतात, सलाईन लावताना तीनदा टोचावं लागतं. भूल देताच बीपी एकदम खाली येतं. नंतर मळमळ आणि उलट्या जास्त होतात. म्हातारी माणसं गोंधळतात, मुलं रडून रडून थकतात. मधुमेही माणसाची साखर उतरते. रात्री नऊला जेवून, बारापासून पाणी तोडून, दुपारी एकला टेबलावर गेलेल्या माणसाला पाण्याशिवाय तेरा तास झालेले असतात. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या वॉर्डात, हे तेरा तास फार लांब असतात.

मग वॉर्ड बारा का सांगतो? कारण ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, यादी हलते. पहिल्या केसच्या रुग्णाला ताप आला, तिसऱ्याचा रिपोर्ट आला नाही, की एकची केस साडेदहाला आत बोलावली जाते. कधी मध्येच तातडीची केस घुसते आणि एकची केस चारला जाते. नाइटच्या सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असतात. प्रत्येकाला वेगळी वेळ सांगण्यापेक्षा सगळ्यांना बारा सांगणं सोपं आणि चूक न होणारं वाटतं. हे समजून घेऊन वागलात तर भांडण होत नाही आणि कामही होतं. बुधवारी सकाळी आठ-साडेआठला, यादी नक्की झाली की, सिस्टरना शांतपणे विचारा: ‘आमची केस कितवी आहे? भूलतज्ज्ञांना विचारून पाणी द्यायचं का ते सांगाल?’ नुसतं गणित केलं तर एकच्या केसला अकरापर्यंत पाणी चालतं. पण नंबर वर सरकण्याची शक्यता असेल तर त्या वॉर्डात सांगतील ती वेळ धरा. केस पुढे गेली असं कळलं तर पुन्हा विचारा. पाण्याची मुभा वाढू शकते, किंवा सलाईन लावता येतं. ‘आता सांगतील, मग सांगतील’ करत नातेवाईक गप्प बसून राहतात आणि रुग्ण सुकत जातो, असं होऊ देऊ नका. पाणीही एकदम दोन तांबे नको. पेलाभर, घोट घोट.

अंगारकीबद्दल जरा सविस्तर, कारण सासूबाईंच्या बाबतीत आम्हाला खरी काळजी तिचीच वाटते. संकष्टीला दिवसभर उपास आणि चंद्रोदयानंतर जेवण. मुंबईत चंद्रोदय बहुधा रात्री नऊ-साडेनऊच्या आसपास होतो. मग आरती, नैवेद्य, पानं वाढेपर्यंत दहा वाजतात. आणि ताटात काय, तर तुपाची धार सोडलेले उकडीचे मोदक, वरण-भात, भाजी, तळण. म्हणजे दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू, किंवा काहीच नाही, आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री उशिरा सगळ्यांत जड जेवण. केस दुपारी एकची असल्यामुळे तासांच्या हिशेबात ते बसेलही. पण केस सकाळी लवकर सरकली तर हे उशिराचं जड पान काठावर येतं. त्यात पित्ताशयात खडे असलेल्या माणसाला तुपाचं जेवण दुखणं उठवायला पुरेसं असतं. आदल्या रात्री पोटात कळ येऊन उलट्या लागल्या तर ऑपरेशनचं सगळं नियोजन बदलतं. आणि मधुमेहाच्या गोळ्या घेऊन दिवसभर उपास केला तर मंगळवारीच साखर घसरू शकते, किंवा रात्रीच्या गोडानं बुधवारी सकाळी ती इतकी चढलेली निघेल की केस पुढे जाईल.

सासूबाईंना प्रेमानं सांगा, की आजारी माणसाला उपासातून सूट असते आणि ही अंगारकी घरातल्या दुसऱ्या कुणी धरली तर चालते. त्यांचा जीव त्यात फारच गुंतला असेल तर दिवसा थोडं थोडं खाऊ द्या. फळं, दही, भगर असं चालेल, खिचडी नको. रात्री चंद्र पाहून नैवेद्याचा मोदक डोळ्यांना लावून घरच्यांना द्या आणि त्यांना साधा वरण-भात किंवा मऊ भात वाढा. साडेनऊपर्यंत पान आवरलं पाहिजे. मंगळवारी संध्याकाळी त्या वॉर्डात भरती झालेल्या असतील तर डबा घरून जाईल, तेव्हा डब्यात काय भरायचं ते तुमच्याच हातात आहे. बुधवारी सकाळी देवाचा अंगारा कपाळाला लावायला हरकत नाही. पेढा, साखरफुटाणे, पंचामृत तोंडात नको. भेटायला येणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा. प्रसादाला ‘नाही’ म्हणणं रुग्णाला जड जातं, म्हणून ते काम तुम्ही करा.

आता गोळ्या. मधुमेहाच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन बसा आणि त्यावरची औषधांची मूळ नावं वाचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ऑपरेशनच्या सकाळी साधारणपणे घेत नाहीत. ग्लिमेपिराइड तर उपाशीपोटी घेतली की साखर धाडकन खाली येते. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, तर ती गोळी निदान तीन दिवस आधी बंद करावी लागते. बुधवारच्या ऑपरेशनला शनिवारची गोळी शेवटची. ही गोळी चालू असताना उपाशी राहिलं तर साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साठतं आणि साखरेच्या आकड्यावर विसंबणारा माणूस फसतो. हल्ली या गोळ्या मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीतही येतात, म्हणून मूळ नावं वाचायला सांगितलं. आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन मधुमेहासाठी किंवा वजनासाठी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. त्यानं जठर इतकं सुस्तावतं, की ठरलेले तास पाळूनही अन्न आत सापडू शकतं. इन्सुलिन असेल तर सकाळचा डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांकडून युनिटमध्ये लिहून घ्या, अंदाजानं काही करू नका.

बीपीच्या गोळ्यांत दोन गट पडतात. अ‍ॅमलोडिपिन, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या त्या सकाळीही घ्यायच्या असतात, दोन-तीन चमचे पाण्याबरोबर. हा घोट उपास मोडत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या बरेच भूलतज्ज्ञ त्या दिवशी थांबवायला सांगतात, कारण भुलीखाली बीपी फार उतरतं. थायरॉइडची गोळी नेहमीप्रमाणे चालते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आज सांगा, बुधवारी नको. यातली कुठलीही गोळी केवळ हे वाचून बंद करू नका. नावांची यादी करून डॉक्टरांपुढे ठेवा आणि प्रत्येक नावापुढे ‘घ्यायची’ किंवा ‘नाही’ लिहून आणा.

बुधवारी सकाळी सहाला आणि त्यानंतर दर दोन तासांनी साखर तपासली गेली पाहिजे. ७०च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर थांबू नका. हॉस्पिटलात असाल तर लगेच सिस्टरना हाक मारा, त्या शिरेतून ग्लुकोज देतील. घरी किंवा गाडीत असाल तर तीन चमचे साखर अर्ध्या पेला पाण्यात विरघळवून पाजा आणि पोचल्यावर वेळेसकट सांगा. साखरेचं पाणी हे स्वच्छ पेयच आहे. फार तर ऑपरेशन दोन तास पुढे जाईल. उतरलेली साखर दोन तास वाट बघत नाही. मधुमेही रुग्णाला यादीत शक्य तितकं वर घ्यावं, अशी पद्धत आहे. त्यामुळे ‘पहिली केस मिळेल का?’ हे आत्ताच सर्जनना विचारायला काहीच हरकत नाही.

जुन्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावतात. चार घासांत पोट भरल्यासारखं वाटणं, सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी उलटीत दिसणं, सतत फुगल्यासारखं वाटणं अशी लक्षणं सासूबाईंना असतील तर सहा-आठ तास पुरत नाहीत आणि भूलतज्ज्ञ वेगळा विचार करतात. घशाशी येणारं आंबट पाणी, गरोदरपण, नुकताच झालेला अपघात, तीव्र वेदना यांतही जठर नेहमीच्या वेगानं रिकामं होत नाही किंवा त्यातलं वर येण्याचा धोका वाढतो. शंका असली तर पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून जठरात काही आहे का ते दोन-चार मिनिटांत बघता येतं. ही सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे.

मशेरीचं तुम्ही सांगितलंत याचं बरं वाटलं, कारण बायका हे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारायला विसरतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती लावली की तोंडात लाळ सुटते, ती गिळली जाते, नाडी आणि बीपी वाढतं, आणि तिचे कण हिरडीत, गालाच्या कोपऱ्यात राहून भुलीच्या वेळी घशात जाऊ शकतात. मंगळवारी रात्रीपासून बंद. त्याच्या कितीतरी आधीपासून बंद करता आली तर जखम भरायलाही चांगलं. त्या सकाळी ब्रश करायचा, खळखळून चूळ भरायची आणि थुंकायची. चूळ भरताना घोटभर पाणी गेलं तर घाबरायचं कारण नाही. गुटखा, पान, सुपारी, च्युइंग गम यांना हाच नियम. कवळी असेल तर ओटीत जाण्याआधी काढून डबीत ठेवायची, हलणारा दात असेल तर आधी सांगायचं.

अनेकजण विचारतात, कमरेत इंजेक्शन देऊन नुसता खालचा भाग बधिर करणार आहेत, मग उपाशी कशाला? कारण कमरेतल्या इंजेक्शनचा असर कधी अपुरा पडतो, कधी ऑपरेशन लांबतं, कधी बीपी उतरून उलटी होते, आणि मग ऐन वेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. म्हणून तास तेच. नुसते थेंब टाकून केलेल्या मोतीबिंदूला बऱ्याच ठिकाणी उपाशी ठेवत नाहीत, तिथे सांगतील तसं करा.

आणि चुकून खाल्लं गेलंच तर? काय, किती आणि किती वाजता, तिन्ही सांगायचं. एक मारी बिस्किट असलं तरी. डॉक्टर ओरडतील या भीतीनं लपवणं हीच यातली सगळ्यांत धोक्याची गोष्ट आहे, कारण भूलतज्ज्ञ तुमच्या शब्दावर विसंबून औषध भरतात. सांगितलंत तर केस चार-सहा तास मागे जाईल किंवा दुसऱ्या दिवशी होईल. अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात असण्यासारखी तातडी असेल तर भरल्या पोटीही भूल देण्याची वेगळी पद्धत असते. आधी ऑक्सिजन भरून घेतात, झटपट परिणाम करणारी औषधं देतात, लगेच नळी घालून श्वासमार्ग बंदिस्त करतात. पण त्यासाठी पोट भरलेलं आहे हे आधी माहीत असावं लागतं. एक वही किंवा कागद घेऊन त्यावर ‘शेवटचं खाणं: मंगळ. रात्री ९.२०, वरण-भात. शेवटचं पाणी: बुध. १०.४०, अर्धा पेला’ असं लिहून सासूबाईंच्या फाइलला लावा. ओटीच्या दारात तोच प्रश्न तीन वेगवेगळी माणसं विचारतात. घाबरलेल्या माणसाला तेव्हा वेळ आठवत नाही.

मुलाचं थोडक्यात. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला चार तास, पावडरच्या किंवा गाई-म्हशीच्या दुधाला सहा, खाण्याला सहा ते आठ आणि पाण्याला दोन तास हा आपल्याकडे सर्वत्र चालणारा हिशेब आहे. युरोपातल्या भूलतज्ज्ञांनी २०२२ साली मुलांसाठी पाण्याची मर्यादा एक तासावर आणली, कारण मुलांचं जठर पाणी फार लवकर सोडतं आणि ती पटकन सुकतात. तुमच्या हॉस्पिटलानं दोन तास सांगितलेत, तर दोनच पाळा. पण ते दोन तास उलटायच्या आत पाणी किंवा सफरचंदाचा गाळीव रस आठवणीनं पाजा, झोपलंय म्हणून सोडू नका. सकाळच्या केससाठी भांडुपहून लवकर निघणार असाल तर मोबाइलवर पाण्याच्या वेळेचा गजर लावा आणि बाटली हातात ठेवा. मोठ्या भावंडाचा खाऊचा डबा बरोबर नेऊ नका. लोकलमध्ये शेजारच्या बाईनं कौतुकानं पुढे केलेलं बिस्किट पाच वर्षांचं मूल तुमचं लक्ष नसताना तोंडात टाकतं. त्याच्यासमोर तुम्ही स्वतःही खाऊ नका. दुधाचा एखादा दात हलत असेल तर सांगा. आणि आदल्या दोन दिवसांत ताप, छातीत घरघर किंवा पिवळा शेंबूड दिसला तर हॉस्पिटलात जायच्या आधी फोन करा. अशा वेळी हर्नियाचं ऑपरेशन बहुधा दोन-चार आठवडे पुढे नेतात आणि तेच बरं असतं.

ऑपरेशननंतर दोघांनाही पहिला घोट सिस्टर किंवा डॉक्टर सांगतील तेव्हाच. माणूस डोळे उघडून बोलायला लागला म्हणजे गिळण्याची ताकद पुरती परत आली असं नसतं. मुलाला जाग येऊन तो पाणी मागायला लागला की बहुधा लवकरच देतात. आधी दोन चमचे, मळमळ नाही असं बघून पेला, मग बिस्किट किंवा मऊ भात. सासूबाईंना काही तास थांबावं लागेल. त्यांच्या ओठांना ओला कापूस लावायला हरकत नाही, आणि थर्मासमधला चहा मात्र रात्री राउंडला डॉक्टर येऊन जाईपर्यंत बंदच राहू द्या.